केव्हा वाजतं ते सांगा

जुनी गाडी घेतोय म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "पासिंग कुठलं?" एमएच-१३ असेल तर विचारणारा निवांत होतो. एमएच-१२ किंवा १४ असेल तर "पुण्याची आहे, क्लच बघून घ्या" म्हणतो. केए-२८ किंवा केए-३२ दिसली की एनओसी आणि टॅक्सची चर्चा सुरू होते. हे सगळं विचारायलाच हवं, पण पाटीवरून कळतो तो गाडीचा पत्ता. तिची तब्येत कळते आवाजावरून आणि वासावरून. मी बरीच वर्षं जुन्याच गाड्या चालवत आलोय, आणि नात्यातलं कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मला सोबत नेतात. मी मेकॅनिक नाही. पाना हातात घेतला की आधी बोटं सोलतात. कान आणि नाक वापरायला मात्र परवाना लागत नाही. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय, काही सविस्तर, काही धावतं.

१. आवाज कसा येतो हे नंतर सांगा, केव्हा येतो हे आधी.

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण तोंडाने आवाज काढून दाखवतो. खर्र, टक्क, घूं. मेस्त्री ऐकून घेतात, कारण गिऱ्हाईक असतं. माझ्या ओळखीचे अक्कलकोट रोडवरचे एक मेस्त्री मात्र मध्येच थांबवायचे : "साहेब, कसला आवाज ते मी बघतो. कधी येतो तेवढं तुम्ही सांगा." अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओवर १९८७ ते २०१२ 'कार टॉक' नावाचा कार्यक्रम चालायचा. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोन भाऊ तो बोस्टनहून करायचे. लोक फोनवर गाडीचे आवाज तोंडाने काढायचे, भाऊ खदाखदा हसायचे आणि मग विचारायचे ते हेच : थंड असताना की गरम झाल्यावर, वळताना की सरळ जाताना? बोस्टन काय आणि अक्कलकोट रोड काय, निदानाची रीत एकच.

पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात हे फार सोपं करून ठेवलेलं असतं. वीस माग धडधडत असतात, तरी कुठला माग बिघडला ते जॉबरला बसल्या जागी कळतं, कारण तो आवाज ऐकत नसतो, ठेका ऐकत असतो. गाडीतही ठेका पकडायचा. तो इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की चाकांच्या? मोकळ्या सरळ रस्त्यावर साठच्या वेगात क्लच दाबा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. इंजिनचा वेग पडला, गाडीचा नाही. आवाज इंजिनबरोबर खाली आला तर बॉनेटखाली शोधा. तसाच चालू राहिला तर चाकं, बेअरिंग, टायर, ब्रेक. एवढ्या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

क्लचचाही असाच उलगडा होतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगकडे बोट दाखवा. आधी घरघर आहे आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्समधल्या बेअरिंगकडे. पहिल्या दुखण्यात गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दुसऱ्यात उतरवून उघडावाही लागतो. बिलातला फरक इथूनच पडतो.

२. आधी डिकी रिकामी करा.

आणि दाराचे कप्पे, ग्लोव्ह बॉक्स, सीटखालची जागा. सैल झालेला जॅक, पान्याची पिशवी, रिकामी पाण्याची बाटली, गणपतीच्या मूर्तीखालचं स्क्रू निघालेलं स्टँड. सस्पेन्शन गेलं म्हणून आणलेल्या एका गाडीत सीटच्या रुळात शेंगा चटणीची छोटी बरणी अडकलेली निघाली. खड्डा आला की टक्क. लिंक रॉडला उगाच बदनामी.

३. गाडी बघायला सकाळी सहाला जा.

"दुपारी या, सावकाश बघू," असं विकणारा म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पाप असेलच असं नाही. पण बरेचसे खरे आवाज गार इंजिनात असतात. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतात, ऑइल पातळ होऊन वरपर्यंत पोचतं, बेल्ट तापून पकड घेतात, आणि सकाळी खडखडणारं इंजिन दुपारी शहाण्यासारखं वागतं. आधी फोन करून सांगायचं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर कुणीतरी आपल्यासाठी तिला आधीच उठवून बसवलंय. ही परीक्षा सोलापुरात उन्हाळ्यात फक्त पहाटेच घेता येते, कारण मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ वर असताना दोन दिवस बंद असलेल्या गाडीच्या बॉनेटवरही पोळी भाजेल.

चावी फिरवल्यावर पहिले काही सेकंद बोलू नका, रेडिओ लावू नका, एसी बंद ठेवा. दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबली तर ऑइल वर चढायला वेळ लागला. एखाद्या वेळी चालतं, रोज होत असेल तर ऑइलची पातळी, त्याचा दर्जा आणि टायमिंग चेन असलेल्या इंजिनात चेनचा टेन्शनर, असं क्रमाने बघायचं. टकटक थांबतच नसेल तर टॅपेट. आणि चिऽऽ अशी किंकाळी आली तर फॅन बेल्ट. यातली एक युक्ती फार उपयोगाची आहे. इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडंसं पाणी उडवायचं, हात, ओढणी, शर्टाची बाही लांब ठेवून. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतोय. क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट किंवा पुली सरळ रेषेत नाही. नुसता नवा बेल्ट टाकून दुसऱ्या प्रकारचा आवाज जात नाही, महिन्याभरात परत येतो, आणि मग लोक बेल्टच्या कंपनीला शिव्या देतात.

४. वळवून बघायला मंगल कार्यालयाचं आवार शोधा.

लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी ते रिकामंच असतं आणि वॉचमनला चहा पाजला की प्रश्न मिटतो. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पहिला गिअर, सावकाश गोल. मग पूर्ण उजवीकडे. खिडक्या उघड्या. कटकटकट असा चाकाच्या गतीने येणारा आवाज म्हणजे एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. मग खाली वाकून रबरी बूट बघायचा. तो फाटलेला असतो आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं असतं. बूट फाटला त्याच आठवड्यात बदलला तर खर्च किरकोळ. फाटून आत धूळ गेली की जॉइंटच बदलावा लागतो, आणि धुळीच्या बाबतीत आपलं गाव कुणाला हार जाणारं नाही.

भिंतीजवळून गाडी हळू नेली की खाली काय चाललंय ते परत कानावर आदळतं. आवाराच्या भिंतीचा असाही उपयोग आहे. आधी डाव्या अंगाने, मग उजव्या अंगाने. केबिनमध्ये बसून आवाजाची बाजू ठरवू नये, पत्रा फसवतो. डावीकडचा आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटणं रोजचं आहे.

५. घूंऽऽ आवाज म्हणजे प्रत्येक वेळी बेअरिंग नव्हे.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण विनाकारण बदललेल्या बेअरिंगांचा ढीग गॅरेजच्या कोपऱ्यात पाहिलाय. चाळीसच्या वर घूं सुरू होतं, ऐंशीला विमान उडाल्यासारखं होतं. संशयित दोन : चाकाचं बेअरिंग आणि वाकडातिकडा झिजलेला टायर.

पहिली खूण रस्त्याची. डांबरीवरून सिमेंटच्या पट्ट्यावर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला तर टायर. बेअरिंगला खालचा रस्ता कसला आहे याच्याशी कर्तव्य नसतं. दुसरी खूण वळणाची. रुंद, मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास हलकंसं उजवीकडे झुकवा. वजन डाव्या चाकांवर जातं. आवाज वाढला तर डावीकडचं बेअरिंग, कमी झाला तर उजवीकडचं. तिसरी खूण हाताची. टायरवरून तळहात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. करवतीसारखे दाते लागले की समजा अलाइनमेंट कित्येक दिवस बिघडलेली आहे. तरीही शंका राहिली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघायचं. आवाज मागे गेला तर आरोपी सापडला, तोही पंक्चरवाल्याच्या मजुरीत.

बेअरिंग निघालं तर मात्र टाळाटाळ नको. हैदराबाद रस्त्यावर भर वेगात चाक डगमगायला लागलं तर काय होईल, याचा विचार करून पाहा.

६. गतिरोधकावरचा आवाज सगळ्यात जास्त घाबरवतो आणि बहुधा सगळ्यात स्वस्तात जातो.

विजापूर रोड ते जुळे सोलापूर एवढ्या अंतरात गाडीच्या खालच्या प्रत्येक रबराची तोंडी परीक्षा होते. आपल्याकडच्या उन्हात ही रबरं लवकर कडक होतात, चिरतात. पुढून हलका टकटक आवाज आला तर लिंक रॉड. ब्रेक मारताना आणि सोडताना धप्प असं एकेकदाच आलं तर लोअर आर्मचा बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना बोंऽऽग अशी स्प्रिंग सुटल्यासारखी आली तर शॉकअपच्या डोक्यावरचं माउंट. ही सगळी कामं दिवसाभराची, आणि सौद्यात किंमत खाली आणायला उत्तम. फक्त बॉल जॉइंट ढिला निघाला तर घासाघीस बाजूला ठेवा. तो निसटला तर चाक आडवं पडतं. पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वरखाली हलवून दाखवायला सांगायचं. जो मेस्त्री "गरज नाही" म्हणतो, त्याच्याकडे परत जायची गरज नाही.

७. तुळजापूरचा घाट चढा, उतरा आणि खाली येऊन नाक वापरा.

पंचेचाळीस किलोमीटरवर देवी आणि चाचणी दोन्ही उरकतात. घाट मोठा नाही, पण भरल्या गाडीला पुरतो. चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखी खळखळ येत असेल आणि गाडी पेट्रोलची असेल, तर नॉकिंग. इंजिनचा वेग वाढतोय, गाडी मात्र वाढत नाही, आणि कागद जळाल्यासारखा वास येतोय, तर क्लच प्लेट संपलीय. घरच्या घरी बघायचं तर हँडब्रेक घट्ट ओढून, समोर मोकळी जागा ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरतेय. गुरगुरत चालूच राहिलं तर घसरतेय. एकदाच करायचं. पुन्हा पुन्हा केलं तर चांगली प्लेटही आपणच जाळू.

घाट उतरल्यावर ब्रेकचा उग्र वास थोडा येणारच, विशेषतः सगळं वजन ब्रेकवर टाकून आलात तर. बघायचं ते एवढंच की चारही बाजूंना सारखा येतोय का. थांबून रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटतच नाहीये. हलका ब्रेक दाबल्यावर बारीक शिट्टी आली तर पॅडवरची खूणपट्टी सांगतेय की पॅड संपत आले. खर्र असं लोखंडावर लोखंड आलं तर पॅड कधीच संपले, आता डिस्कही जातेय.

८. पहिला श्वास फुकट घालवू नका.

नाक चार-पाच मिनिटांत वासाला सरावतं. म्हणून दार उघडल्यावर लगेच, गप्पा सुरू करण्याआधी, एक खोल श्वास. आत मोगऱ्याची दोन-दोन परफ्यूम लटकत असतील तर माझा संशय लगेच जागा होतो. ती काढून बाहेर ठेवायची, काचा बंद करून गाडी दहा मिनिटं उन्हात ठेवायची, मग परत दार उघडायचं.

कुबट वास एसी लावल्यावरच येऊन कमी होत गेला तर कूलिंग कॉइलवर बुरशी आहे, साफ होते. घरी पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर ती धरतही नाही. पण एसी बंद असतानाही ओल्या गोणपाटासारखा, मातीचा वास येत असेल तर पुराची गाडी समजून तपासा. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आम्ही कोल्हापूर-सांगलीच्या, म्हणजे एमएच-०९ आणि एमएच-१० च्या स्वस्त गाड्यांकडे वाकड्या नजरेने बघायचो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आल्यानंतर स्वतःच्या जिल्ह्यातल्या गाड्यांकडेही तसंच बघावं लागतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, न धुतल्या गेलेल्या टोकाला गाळाची रेघ असते. स्टेपनीचा खड्डा बघा, सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का बघा. सीटकव्हर नवं घालता येतं, डॅशबोर्डमागच्या वायरी कुणी धूत बसत नाही.

९. गोड वास आला की आधी खिडकीबाहेर बघा.

गाळप हंगामात मोहोळ-टेंभुर्णीच्या बाजूने येताना बाहेरच मळीचा आणि रसाचा वास असतो, त्यात पुढे उसाची ट्रॉली. त्या वेळी कूलंटच्या गोड वासाचं निदान करायला जाऊ नये. हवा आत घ्यायचा दट्ट्या बंद करा. घरी येऊन गाडी लावल्यावरही तोच गुळचट वास असेल तर मात्र कूलंट गळतोय. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, कुत्र्या-मांजरांना चाटू देऊ नका. केबिनमध्ये वास, काचेवर आतून तेलकट धुकं आणि पायाखालची मॅट ओली, तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही, म्हणून ही गळती फार उशिरा लक्षात येते. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गोड वास, शिवाय ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि पुढची गाडी बघा. गरम रेडिएटरचं झाकण कुणाच्याही आग्रहाने उघडू नका.

१०. सडक्या अंड्याचा वास : बॅटरी आधी, सायलेन्सर नंतर.

लोक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जातात, तो महाग भाग. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर इंधनातलं गंधकाचं प्रमाण दहा लाखांत पन्नास भागांवरून दहावर आलं, त्यामुळे तो वास तसा कमी झालाय. आधी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावेत. पंधराच्या वर गेले तर अल्टरनेटर बॅटरीला जास्त चार्ज करून उकळतोय. अशा बॅटरीजवळ ठिणगी, बिडी, काहीही नको.

११. चार वास आले की निदान करत बसायचं नाही, गाडी थांबवायची.

पेट्रोल. वायर जळल्याचा. गॅसचा. आणि केबिनमध्ये धुराचा. गॅसला मुळात वास नसतो. १९३७ मध्ये टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेल्या गॅसचा स्फोट होऊन जवळपास तीनशे जीव गेले, त्यानंतर त्यात मुद्दाम उग्र वास मिसळायचे कायदे झाले. तो वास आपल्याला सावध करायलाच घातलेला आहे, त्यावर अगरबत्ती लावून चालत नाही. सीएनजी किटच्या गाडीत सिलिंडरच्या चाचणीची तारीख बघा, दर तीन वर्षांनी ती लागते. सांधे साबणाच्या पाण्याने तपासतात. काडी ओढून तपासणाराही मी पाहिलाय. केबिनमध्ये धूर येत असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वासच नाही. एसी लावून उभ्या गाडीत झोपायची सवय असलेल्या ड्रायव्हरांना हे जरूर सांगा. वायरीचा वास आला तर इंजिन बंद, खाली उतरा, जमलं तर बॅटरीची ऋण बाजू सोडवा. मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्यांनी उंदरांच्या धास्तीने बॉनेट अधूनमधून उघडावंच. एअर फिल्टरच्या डब्यात शेंगांची टरफलं सापडली की वायरीचं काय झालं असेल ते कळतं.

१२. "सगळ्याच गाड्यांना येतो ओ हा आवाज."

विकणाऱ्याचं हे वाक्य कधीकधी खरं असतं. इंजिन बंद केल्यावर सायलेन्सर गार होताना टिकटिक करतो, रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही थोडा फिरतो, एसीचं पाणी खाली ठिबकतं. यांना हात लावू नका. बाकीच्या आवाजांसाठी त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून बघावी. सोलापुरात ती मिळायला अडचण नाही. स्टेशनबाहेर पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर करणाऱ्या टॅक्स्या उभ्या असतात, आणि लाखावर किलोमीटर झालेल्या गाडीच्या ड्रायव्हरला तिचा कुठला आवाज जन्मजात आणि कुठला नंतर आलेला हे पाठ असतं. मेहुण्याची गाडी ठरत असताना आम्ही अशाच एका ड्रायव्हरला चहा पाजून चक्कर मारायला बसवलं. रंगभवनपर्यंत जाऊन येईस्तोवर तो काहीच बोलला नाही. उतरताना म्हणाला, "मागचं डावं बेअरिंग गेलंय बघा. एसी मात्र आमच्यापेक्षा गार हाय. पंधरा हजार कमी करून घ्या, नाहीतर मला सांगा, मी घेतो."